पेट्रोल चढतं तितकं उतरत का नाही?

जुलै २०१४ मध्ये कच्च्या तेलाचं पिंप १०५ डॉलरच्या वर होतं आणि दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांच्या पुढे गेलं होतं. दीड वर्षाने, जानेवारी २०१६ मध्ये, तेच पिंप ३० डॉलरपर्यंत घसरलं. कच्चं तेल जवळजवळ तीन चतुर्थांश स्वस्त झालं. पेट्रोल मात्र ५९ रुपयांवर येऊन थांबलं. अधल्यामधल्या पैशांचं काय झालं, याचा हिशेब अवघड नाही, आणि तो प्रत्येक वाहनधारकाला माहीत असायला हवा असं मला मनापासून वाटतं. देशातलं निम्म्याहून अधिक पेट्रोल दुचाकींच्या टाक्यांत जातं. दूधवाला, कुरिअरवाला, तालुक्याला नोकरीला जाणारी शिक्षिका, सगळे हा दर रोज मोजतात.

पिंप, डॉलर आणि रुपया

एका पिंपात १५९ लिटर तेल असतं. पिंपाच्या डॉलरमधल्या भावाला रुपयाच्या विनिमय दराने गुणायचं आणि १५९ ने भागायचं, की लिटरमागचा कच्च्या तेलाचा खर्च साधारण कळतो. २०१४ च्या जुलैत डॉलर ६० रुपयांना होता. म्हणजे लिटरला सुमारे ४० रुपये. २०१६ च्या जानेवारीत तोच आकडा १२-१३ रुपयांवर आला.

भारत गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चं तेल बाहेरून आणतो, त्यामुळे रुपया घसरला की तेल जागच्या जागी महागतं. जुलै २००८ मध्ये पिंप १४७ डॉलरला भिडलं होतं. तो विक्रमी भाव होता, पण डॉलर तेव्हा ४३ रुपयांच्या आसपास होता, म्हणून लिटरचा हिशेब ४० रुपयांच्या आत बसत होता. मार्च २०२२ मध्ये भारताला पडणारा सरासरी भाव ११२ डॉलर होता, म्हणजे २००८ पेक्षा बराच कमी. तरी लिटरला ५३ रुपये पडत होते. ‘तेव्हा तेल १४७ डॉलर असूनही पेट्रोल पन्नास-पंचावन्नला मिळायचं’ हे वाक्य राजकीय भाषणांत नेहमी ऐकू येतं. ते खोटं नाही, पण रुपयाची बाजू सांगितल्याशिवाय पुरंही होत नाही.

कच्चं तेल इतकं का हेलकावतं?

तेल महागलं म्हणून कुणी दुसऱ्या दिवशी गाडी विकत नाही आणि स्वस्त झालं म्हणून कुणी दोन गाड्या चालवत नाही. मागणी चिवट असते. म्हणून पुरवठ्यात थोडी घट झाली तरी भाव भडकतो आणि थोडं जास्त झालं तरी कोसळतो. लासलगावला आवक जराशी कमी झाली की कांद्याचं जे होतं, तेच.

१९७३ साली अरब देशांनी तेलबंदी केली आणि काही महिन्यांत भाव तीन डॉलरवरून बाराच्या जवळ गेला. २०१४ मध्ये उलटं घडलं. अमेरिकेत शेल खडकांतून तेल काढण्याचं तंत्र फोफावलं, बाजारात तेल जास्त झालं, आणि नोव्हेंबरमध्ये तेलउत्पादक देशांच्या ‘ओपेक’ संघटनेने उत्पादन घटवायला नकार दिला. भाव कोसळले ते त्यामुळे. २० एप्रिल २०२० रोजी तर टाळेबंदीमुळे मागणी इतकी आटली की अमेरिकी तेलाचा वायदा शून्याच्या खाली, उणे ३७ डॉलरवर बंद झाला. ते तेल जिथे साठवतात त्या ओक्लाहोमातल्या कुशिंगच्या टाक्या भरत आल्या होत्या आणि हातात आलेलं तेल ठेवायला जागा उरली नव्हती. दोन वर्षांनी रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि ब्रेंट तेलाने १३० डॉलरचा टप्पा ओलांडला.

आणखी एक बारीक गोष्ट. आपल्या तेल कंपन्या पेट्रोलचा मूळ दर लावतात तो कच्च्या तेलाच्या भावावरून नव्हे, तर आंतरराष्ट्रीय बाजारातल्या तयार पेट्रोलच्या भावावरून. जगात शुद्धीकरणाची क्षमता कमी पडली, तर कच्चं तेल स्थिर असतानाही पेट्रोल महागू शकतं.

दर ठरवतं कोण?

जून २०१० पर्यंत पेट्रोलचा दर सरकार ठरवत असे. त्यानंतर तो कंपन्यांवर सोडला गेला. डिझेलच्या बाबतीत हे ऑक्टोबर २०१४ मध्ये झालं. पुढे बरीच वर्षं दर महिन्याच्या १ आणि १६ तारखेला बदलत, आणि आदल्या संध्याकाळी पंपांवर रांगा लागत. १६ जून २०१७ पासून देशभर रोज सकाळी सहाला नवा दर लागू होऊ लागला. कागदावर ही पद्धत आजही तशीच आहे.

सुरुवातीच्या कोड्याचं उत्तर

जुलै २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात कच्चं तेल लिटरला २७-२८ रुपयांनी उतरलं आणि दिल्लीच्या पंपावर दर साडेचौदा रुपयांच्या आसपास कमी झाला. मधल्या काळात केंद्राने पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क टप्प्याटप्प्याने नऊ वेळा वाढवलं: ९ रुपये ४८ पैशांवरून २१ रुपये ४८ पैशांपर्यंत. हे झाले १२ रुपये. राहिलेला थोडा फरक राज्याच्या करात आणि इतर खर्चात गेला. तेल उतरत असताना कर चढवला की ग्राहकाला वाढ जाणवत नाही. त्याला फक्त घट दिसत नाही.

२०२० मध्ये हेच आणखी मोठ्या प्रमाणावर झालं. मधल्या वर्षांत थोडं उतरलेलं शुल्क मार्चमध्ये ३ आणि मे महिन्यात एकदम १० रुपयांनी वाढलं आणि ३२ रुपये ९८ पैशांवर गेलं. जगात तेल पाण्याच्या मोलाने जात असताना दिल्लीच्या दरातला दोन तृतीयांशाहून अधिक भाग निव्वळ कर होता. मग टाळेबंदी उठली, तेल पुन्हा चढलं, आणि चढावावर मात्र वाढ थेट पंपावर आली. २९ मे २०२१ रोजी मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली. शुल्क खाली आलं ते त्यानंतर: नोव्हेंबर २०२१ मध्ये ५ रुपये, मे २०२२ मध्ये ८ रुपये.

त्या शुल्काची आतली रचना पाहण्यासारखी आहे. मे २०२२ नंतर १९ रुपये ९० पैशांपैकी मूळ उत्पादन शुल्क होतं फक्त १ रुपया ४० पैसे. बाकीचे ११ रुपये विशेष अतिरिक्त शुल्काचे, ५ रुपये रस्ते व पायाभूत सुविधा उपकराचे आणि अडीच रुपये कृषी उपकराचे. वित्त आयोगाच्या सूत्रानुसार राज्यांना वाटा मिळतो तो त्या १ रुपया ४० पैशांतून. म्हणून राज्यं स्वतःचा व्हॅट सोडायला तयार होत नाहीत, आणि म्हणूनच पेट्रोल ‘जीएसटी’त आणण्याचा विषय सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौच्या बैठकीत आला तसाच मागे पडला.

सरकारला पैसा लागतो, रस्ते त्यातूनच होतात, हे मला मान्य आहे. पण पंपावरच्या पावतीवर दर, लिटर आणि रक्कम असते, कर किती ते नसतं. हॉटेलच्या शंभर रुपयांच्या बिलावर जो तपशील छापला जातो, तो इथेही छापला पाहिजे.

महाराष्ट्राचा अधिभार

महाराष्ट्राचा व्हॅट टक्क्यांत आहे आणि त्यावर लिटरमागे ठरावीक रुपयांचा अधिभार आहे. टक्केवारीचा कर केंद्राच्या शुल्कासकट होणाऱ्या किमतीवर लागतो; म्हणजे केंद्राने १० रुपये वाढवले की राज्याचे अडीच रुपये आपोआप वाढतात.

अधिभाराची गोष्ट मात्र खास इथली आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये दुष्काळ निवारणासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर २ रुपये वाढवले गेले. मराठवाडा तेव्हा खरोखर होरपळत होता, तक्रार कुणी फारशी केली नाही. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, अधिभार राहिला. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने महामार्गांलगतची दारूची दुकानं बंद झाली, राज्याचा महसूल बुडाला, आणि ती तूट भरायला पेट्रोलचा तोवर ६ रुपयांवर पोचलेला अधिभार ९ रुपये झाला. दारूच्या उत्पन्नातली घट दुचाकीस्वाराने का भरायची, याचं समाधानकारक उत्तर मला आजवर कुठे वाचायला मिळालेलं नाही. कमी-जास्त होत २०२० मध्ये अधिभार १० रुपये १२ पैशांवर गेला. जुलै २०२२ मध्ये तो ५ रुपयांनी कमी झाला.

राज्यातल्या राज्यातही दर सारखा नसतो. सर्वांत महाग पेट्रोलच्या बातमीत परभणीचं नाव वारंवार येतं. मुंबईहून वाहिनीने तेल मनमाडजवळच्या पानेवाडीला पोचतं आणि तिथून टँकर सुमारे तीनशे किलोमीटर धावून परभणीला जातात. ते भाडं दरात चढतं. त्यावर व्हॅटही लागतो. डेपो जवळ असावा ही मागणी जुनी आहे.

सीमेवरची माणसं आपला मार्ग काढतात. एप्रिल २०१२ मध्ये मनोहर पर्रीकरांच्या सरकारने गोव्यात पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढून टाकला आणि दर एकदम ११ रुपयांनी उतरला. बांदा-सावंतवाडीकडच्या गाड्या पत्रादेवी ओलांडून टाकी भरून येऊ लागल्या. ती पूर्ण सूट पुढे टिकली नाही, पण फरक उरलाच. तलासरीकडचे वाहनचालक त्याच कारणाने गुजरातच्या पंपांवर थांबतात.

इथेनॉल मिसळूनही?

इथेनॉल मिसळूनही पेट्रोल स्वस्त का होत नाही, हा प्रश्न उसाच्या पट्ट्यात हमखास विचारला जातो. २०२५ मध्ये पेट्रोलमधलं इथेनॉलचं प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोचलं. परकीय चलन वाचलं, कारखान्यांना पैसे मिळाले. पण त्या वर्षी कंपन्यांना इथेनॉलचा लिटर वाहतूक आणि करासह ७१ रुपयांच्या पुढे पडत होता, म्हणजे करांआधीच्या पेट्रोलपेक्षा महाग. पंपावर दर उतरण्यासारखं त्यात काही नव्हतं.

दर थिजतात तेव्हा

रोज बदलायचा दर कधीकधी महिनोन्‌महिने हलत नाही. नोव्हेंबर २०२१ पासून १३७ दिवस तो जागचा हलला नाही. उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या निवडणुका त्याच काळात होत्या. निकाल लागले आणि २२ मार्च २०२२ पासून सोळा दिवसांत लिटरमागे १० रुपये वाढ झाली. मुंबईत पेट्रोल १२० रुपये ५१ पैशांवर गेलं.

त्यानंतर कंपन्यांनी तोटा सोसला हेही खरं. एप्रिल ते जून २०२२ या तिमाहीत तिन्ही सरकारी तेल कंपन्यांना मिळून १८ हजार कोटींहून अधिक फटका बसला. पण २०२३-२४ मध्ये त्यांनीच सुमारे ८१ हजार कोटींचा नफा मिळवला. त्या वर्षी रशियाकडून सवलतीतलं तेल भरपूर येत होतं. लोकसभा निवडणूक जाहीर होण्याच्या तोंडावर, मार्च २०२४ मध्ये, दर २ रुपयांनी उतरले.

एप्रिल २०२५ मध्ये कच्चं तेल ६५ डॉलरच्या खाली आलं. केंद्राने उत्पादन शुल्क २ रुपयांनी वाढवलं आणि तो भार कंपन्या सोसतील, ग्राहकावर पडणार नाही, असं जाहीर केलं. घरगुती गॅसचा सिलिंडर त्याच दिवशी ५० रुपयांनी महागला. मुंबईत पेट्रोलचा दर १०३ रुपये ५० पैशांवर होता, तो तिथेच राहिला.