पोट आणि वीण – लेखांक ७ : शिलकीतली मगर, रोजंदारीतली सुगरण

व्यालेली गाय खुराकाअभावी रोड झाली की लवकर माजावर येत नाही, हे गोठ्यातले जुने निरीक्षण आहे. त्याचे शास्त्रीय कारण बरेच उशिरा उलगडले. चरबीच्या पेशींतून स्रवणारे लेप्टिन हे संप्रेरक १९९४ साली सापडले. चरबी घटली की रक्तातले लेप्टिन घटते, मेंदू प्रजननाची संप्रेरके आखडती घेतो आणि उरलेली ऊर्जा जीव जगवण्याकडे वळते. दिवस लहान-मोठा झाल्याने विणीचा हंगाम सुचतो खरा, पण परवानगी पोटाकडूनच मिळते.

बडोद्यात समा भागाजवळून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीतल्या मगरी हा हिशेब शिलकीवर चालवतात. मासे, कासवे, भटकी कुत्री, पाण्यात टाकलेली मेलेली जनावरे. शहरातल्या नदीत खाण्याला तोटा नाही. मगरीला अंग तापते ठेवण्यासाठी अन्न जाळावे लागत नाही. म्हणून खाल्लेल्यातले बरेचसे शेपटीत आणि पोटातल्या मेदपिंडात साठते. हिवाळ्यात नर-मादी जुळतात. मादीचे यकृत बलकाचे प्रथिन तयार करते आणि ते रक्तावाटे अंडाशयात पोचते. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान ती काठावर मागच्या पायांनी खड्डा खणून पंचवीस-तीस अंडी घालते. एकेक अंडे शंभर ग्रॅमच्या वर भरते. म्हणजे अडीच-तीन किलोंचा ऐवज एका बैठकीत अंगाबाहेर जातो. एवढी गुंतवणूक त्या दिवसांच्या शिकारीवर भागणारी नव्हे. पिल्ले मात्र पावसाच्या तोंडावर निघतात, किडे आणि बेडूकमासे मुबलक होण्याच्या सुमारास. तोवरची शिदोरी म्हणून पोटात उरलेला बलक असतोच. बंदिवासात नियमित खाणे मिळाल्यावर काय होते, ते मद्रास क्रोकोडाइल बँकेत दिसले: तिथल्या काही माद्यांनी एकाच वर्षात दोनदा अंडी घातली.

सुगरणीला अशी साठवण परवडत नाही. अंगावर चरबी वाढली की उडणे जड जाते. तिचा संसार रोजच्या मिळकतीवर चालतो, म्हणून तो पावसाळ्यातच मांडायचा. तेव्हा विणायला लांब हिरवे गवत मिळते आणि पिल्लांना भरवायला किडे. सालिम अली यांनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला पाहिलेला सुगरण नर एक घरटे मादीने पसंत केले की दुसरे विणायला घेत असे. भरल्या हंगामाशिवाय असली चैन शक्य नाही.

भोरडी या स्थलांतरी पक्ष्याची गोष्ट वेगळी. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात जे. सी. जॉर्ज आणि सहकाऱ्यांनी स्थलांतराआधी तिच्या छातीच्या स्नायूंत साठणाऱ्या चरबीचा अभ्यास केला. ती चरबी प्रवासात जळते. म्हणून पिल्लांसाठी मध्य आशियातले टोळ-नाकतोडेच लागतात. ते कमी पडले, तर थवा मांडलेली वसाहतही सोडून जातो.