चर खणला, पुढे काय?

एनएसएसच्या कॅम्पमधला तो फोटो तुमच्याही गॅलरीत असेल. हातात टिकाव, डोक्याला रुमाल, मागे उघडाबोडका डोंगर आणि पुढ्यात नुकताच खणलेला चर. तळहाताला फोड आलेत, पण चेहऱ्यावर काहीतरी भारी केल्याचा आनंद आहे. आता खरं सांगा, त्या चराकडे तुम्ही पुन्हा कधी गेलात का?

बहुतेकांचं उत्तर 'नाही' असेल. गोची तिथेच आहे.

थोडं गणित करू या. ६० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल आणि १० मीटर लांब चर एकदा काठोकाठ भरला की त्यात १,८०० लिटर पाणी मावतं. पावसाळ्यात तो दहा वेळा भरून जिरला, तर झाले १८ हजार लिटर. हे एका चराचं! उतारावर असे शेकडो चर असतील, तर खालच्या विहिरींना फरक पडणारच. पण पाण्याबरोबर मातीही येते. ती डोंगरावरच अडवणं हेही चराचं काम, म्हणून तो भरत जाणार. गाळ काढून खालच्या बांधावर टाकला नाही, तर दोन-तीन पावसाळ्यांत चर कुठे होता ते शोधावं लागतं.

श्रमदान आपल्याला नवं नाही. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झाली. २०१८ मध्ये ती ७५ तालुक्यांत पोहोचली. त्या वर्षी १ मे रोजी शहरातली मंडळीही गावोगावी श्रमदानाला गेली. तुमच्यापैकी काहींचे दादा-ताई तेव्हा गेले असतील. लोक एकत्र आले तर दीड महिन्यात किती काम उभं राहतं, हे तेव्हा अख्ख्या राज्याने पाहिलं. ते काम टिकवायला मात्र दीड महिना पुरत नाही. त्याला दरवर्षी दोन-चार दिवस लागतात आणि हाताशी थोडे पैसे लागतात.

हे पैसे आणायचे कुठून? मोठा निधी बहुतेक वेळा नव्या कामाला मिळतो. बंधारा बांधला, फीत कापली, फलक लागला. जुन्या चरातला गाळ काढायला कोण फलक लावणार? इथे छोटा निधी कामी येतो. 'जीईएफ'चा स्मॉल ग्रँट्स प्रोग्रॅम १९९२ पासून जगभरातल्या स्थानिक संस्थांना अशी छोटी अनुदानं देतो. कंपन्यांचा सीएसआर आहे, गावच्या ग्रामपंचायतीचा पाण्यासाठीचा निधी आहे, कॉलेजचे माजी विद्यार्थी आहेत. देणारा कुणीही असो, पहिला प्रश्न ठरलेला असतो: तुम्ही आणि गाव मिळून काय घालणार? नाबार्ड आणि जर्मनीच्या मदतीने महाराष्ट्रात पाणलोटाचा जो कार्यक्रम झाला, त्यात गावांना आधी श्रमदान करून दाखवावं लागे. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी मान्य करावी लागे. घाम आधी, पैसा नंतर. म्हणून अर्जात श्रमदानाचे तासही लिहा. तो तुमचा हिस्सा आहे.

आता समजा, तुमच्या ग्रुपला ५० हजार रुपये मंजूर झाले. पहिला मोह होईल जेसीबी बोलवायचा. थांबा. जे हातांनी होतं त्यावर पैसे घालवू नका. हातांनी होत नाही त्यावर घाला. टिकाव, फावडी, घमेली, पहारी. समतल रेषा आखायला ए-फ्रेम, जी तीन काठ्या, दोरी आणि लटकवलेला दगड यांतून तुम्हीच बनवू शकता. मोजायला टेप. प्रथमोपचाराची पेटी. गावापर्यंतचं टेम्पोभाडं. वनराई बंधाऱ्यासाठी सिमेंटच्या रिकाम्या गोण्या. त्या बांधकामांवर मागितल्या तर फुकटही मिळतात, मग खर्च उरतो दाभण आणि सुतळीचा. शिवाय निदान चौथा हिस्सा पुढच्या दोन वर्षांच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. अर्जात तसं स्पष्ट लिहा. देणाऱ्याला ते खटकलं, तर समजावून सांगा. वरचं चराचं गणित दाखवा.

आणखी तीन गोष्टी, ज्या कॅम्पच्या गडबडीत राहून जातात.

एक, वेळ. वनराई बंधारा पावसाळा संपताना, ओढा वाहता असतानाच घालायचा असतो. आपले कॅम्प बहुतेकदा डिसेंबर-जानेवारीत. तोवर बऱ्याच ओढ्यांचं पाणी निघून गेलेलं असतं. तेव्हा बंधाऱ्यासाठी ऑक्टोबरमधला एक वीकेंड काढा आणि चरांच्या गाळासाठी मे महिन्यातला एक.

दोन, जागा. काम माथ्याकडून पायथ्याकडे. वरचा उतार मोकळा सोडून खाली बंधारा घातला, तर तो पाण्याआधी गाळाने भरेल. आणि ती जमीन कुणाची, हे आधी विचारा. गावाची असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव, खासगी असेल तर मालकाची संमती, वनजमीन असेल तर वन विभागाची परवानगी.

तीन, मोजमाप. साधं पर्जन्यमापक आणि गावातल्या चार-पाच विहिरी. दर महिन्याला टेप सोडून पाणी किती खोल आहे ते वहीत लिहा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हेच केलं. तिथे पडलेल्या पावसाचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून कोणती पिकं घ्यायची ते ठरतं आणि शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे. कारण उघड आहे. तुम्ही वर चर खणून पाणी मुरवायचं आणि खाली कुणी खोल बोअर मारून उपसायचं, तर तुमच्या फोडांचा उपयोग काय? पण हे गावाला बाहेरून येऊन आपण सांगू शकत नाही. वहीतले आकडे समोर असले, तर गावच ते बोलायला लागतं.

शेवटचा मुद्दा तुमचा स्वतःचा. एनएसएसची दोन वर्षं भुर्रकन संपतात, मग तुम्ही पास आउट. चर मात्र तिथेच असतो. म्हणून जाण्याआधी ती वही, चरांचा नकाशा, खर्चाची बिलं आणि गावातल्या दोन माणसांचे नंबर ज्युनिअर्सच्या हाती द्या. त्यांना एकदा डोंगरावर घेऊन जा आणि गाळ कुठवर आलाय ते दाखवा.

जाल तेव्हा फोटोही काढा. फक्त तो त्याच चराचा, त्याच जागेवरून काढा. दोन्ही शेजारी ठेवले की कळेल, या मे महिन्यात किती घमेली गाळ उपसायचाय.