हिवताप येतो बसमधून

नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटर उंचीवर आहे. तिथल्या गारव्यात डासाच्या अंगात हिवतापाचा जंतू फार सावकाश वाढतो. तो पक्व होण्याआधीच बहुतेक डास मरून जातात. तरीही शहरात हिवतापाचे रुग्ण सापडतात.

हिवताप कुठे किती पसरेल याचा हिशेब मांडायची सुरुवात रोनाल्ड रॉस यांनी केली. १८९७ साली सिकंदराबादेत डासाच्या जठरात जंतू शोधणारे तेच रॉस. नोबेल मिळाल्यावरही ते समीकरणं मांडत राहिले, आणि ते काम मला शोधाइतकंच मोलाचं वाटतं. पुढे जॉर्ज मॅकडोनाल्ड यांनी डासाच्या आयुष्याचं महत्त्व दाखवलं. जंतू पक्व व्हायला १० दिवस लागतात असं धरू. रोज १०० पैकी ९० डास जगत असतील, तर १० दिवसांनी ३५ उरतात. रोज ८० जगत असतील, तर जेमतेम ११. अशा आकड्यांवरून एका रुग्णापासून पुढे किती जणांना लागण होईल ते काढतात. उत्तर १ पेक्षा कमी आलं, तर साथ विझायला हवी.

पण या हिशेबात माणसं गाव सोडत नाहीत. खरी माणसं सोडतात. म्हणून प्रत्येक भागाचं गणित वेगळं मांडून ती प्रवासाच्या कोष्टकाने जोडतात: कुठला माणूस कुठे किती रात्री राहिला. रात्रीच मोजायच्या, कारण हिवताप पसरवणारी ॲनोफिलिस डासाची मादी मुख्यतः रात्री चावते. जंतू दोन्ही वाटांनी येतो. गावाकडे जाऊन आलेला शहरी माणूस तो आणतो, तसाच तिकडून आलेला पाहुणाही. अंगात जंतू असून ताप नसलेला पाहुणा तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

कोष्टक भरायचं कसं? केनियात २००८-०९ मधल्या सुमारे दीड कोटी मोबाइलधारकांच्या नोंदी, नावं काढून, वापरल्या गेल्या. फोन कुठल्या टॉवरवर लागला यावरून मुक्काम कळला. (लहान मुलांकडे फोन नसतो, ही उणीव राहतेच.) २०१२ साली निष्कर्ष आला: जंतूचा मोठा उगम व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरात आहे, आणि तिथून तो नैरोबीपर्यंत पोहोचतो.

आता कल्पनेतलं एक शहर घ्या. एका रुग्णामागे तिथे सरासरी अर्धाच नवा रुग्ण होतो. बाहेरून १० रुग्ण आले, तर त्यांच्यापासून ५, मग अडीच, असं करत एकूण २० होतात. शहरातले सगळे डास मारले तरी ते १० उरतातच. उगमाकडचा हिवताप आटोक्यात आणला, तर वीसही टळतात. अशा शहरासाठी फवारणीचा पहिला पैसा उगमाच्या ठिकाणीच खर्चायला हवा.