परतीचा परवाना

आजचा विषय पाहून काही श्रोत्यांना शंका आली असेल की, साखर कारखान्यांच्या दारात सभा घेण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला अमेरिकेच्या ग्रीन कार्डाशी काय कर्तव्य? शंका रास्त आहे. माझे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे सारे वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. परंतु दोन वर्षांपूर्वी आमच्या युनियनचे एक जुने सभासद, निवृत्त फिटर, कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आले आणि हा विषय माझ्या गळ्यात पडला. आता तर सातारा-सांगलीकडे अशा पिशव्या घरोघर दिसू लागल्या आहेत.

गृहस्थांचा मुलगा न्यू जर्सीत राहतो. तो अमेरिकेचा नागरिक झाला. एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकाला आईवडिलांसाठी अर्ज करता येतो, आणि आईवडिलांना वार्षिक संख्येची मर्यादा लागत नाही. त्यामुळे दोघांनाही ग्रीन कार्ड, म्हणजे कायम वास्तव्याचा हक्क, मिळाला. सात महिने तेथे राहून दोघे पत्नीच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मिरजेस आले. मग भावकीतला जमिनीचा वाटा निघाला. असे करता करता चौदा महिने झाले. "कार्डावर दहा वर्षांची मुदत छापली आहे, मग अडचण कसली?" असे ते मला विचारू लागले.

सगळी गफलत येथेच आहे. ती मुदत कार्डाची आहे, गैरहजेरीची नव्हे. आपल्या गिरणगावाची आठवण करा. शिमग्याला रजा घेऊन गावी आलेला सातारकर मुदतीत परतला नाही, तर त्याच्या सांच्यावर दुसरा माणूस उभा राही. हातातले ओळखपत्र खरेच असे. पण जागेवरचा हक्क, ज्याला आम्ही लिएन म्हणतो, तो डळमळीत होई. अमेरिकेचा कायदा साधारण याच धर्तीवर चालतो. एक वर्षाच्या आत परत आल्यास कार्ड प्रवेशासाठी चालते. १८० दिवसांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास अधिकारी त्या माणसाची नव्याने प्रवेश मागणाऱ्यासारखी तपासणी करू शकतो. एक वर्ष किंवा त्याहून अधिक झाले, तर नुसते कार्ड परतीचा कागद म्हणून चालत नाही.

सहा महिन्यांतून एकदा अमेरिकेच्या भूमीला पाय लावून आले की भागते, अशी एक समजूत आपल्याकडे पसरली आहे. ती खोटी आहे. अधिकारी दिवस मोजतो, पण दिवसांच्या मागचा हेतूही पाहतो. घर कोठे आहे? प्राप्तिकराचे विवरण रहिवासी म्हणून भरले की अनिवासी म्हणून? बाहेर जाणे तात्पुरते होते काय? वर्षाकाठी पंधरा दिवस तेथे आणि बाकीचे कऱ्हाडला, असा हिशेब निघाला, तर हक्क सोडून दिला असे ठरू शकते.

दीर्घ काळ बाहेर राहावे लागणार हे आधीच ठाऊक असेल, त्याच्यासाठी री-एंट्री परमिट, म्हणजे परतीचा परवाना, आहे. त्याचा अर्ज आय-१३१ या नमुन्यावर करावयाचा, आणि तो स्वतः अमेरिकेत असतानाच. साताऱ्यात बसून हा अर्ज होत नाही. आमचे फिटर नेमके येथे चुकले. अर्ज करून, बोटांचे ठसे देऊन निघाले तरी चालते. परवाना मागाहून वकिलातीत मागविता येतो. तो सामान्यतः दोन वर्षे चालतो आणि वाढवून मिळत नाही. मागील पाच वर्षांपैकी चारांहून अधिक वर्षे बाहेर काढणाऱ्यास बहुधा एकच वर्षाचा मिळतो. परवाना हाती असला तरी प्रवेशाची हमी नसते. केवळ गैरहजेरीच्या मुदतीवरून हक्क सोडला असे मानता येत नाही, एवढेच. आणि नागरिकत्वासाठी जी पाच वर्षे मोजतात, त्यांचे गणित वर्षभराच्या गैरहजेरीने मोडते ते मोडतेच.

या परवान्यामागे एक इतिहास आहे, आणि तो आम्हा चळवळीतल्या लोकांनी मान खाली घालून वाचावा असा आहे. १८८२ साली अमेरिकेने चिनी मजुरांना बंदी केली. आधीपासून राहणाऱ्यांना मात्र बाहेर जाताना परतीचा दाखला मिळे. चे चान पिंग नावाचा मजूर १८७५ पासून सॅन फ्रान्सिस्कोत राहत होता. १८८७ साली तो असा दाखला घेऊन मायदेशी गेला. १८८८ च्या सप्टेंबरात हाँगकाँगहून बोटीत बसला, आणि तो समुद्रात असतानाच १ ऑक्टोबरला नवा कायदा होऊन असे सुमारे २०,००० दाखले रद्द झाले. ८ ऑक्टोबरला बोट बंदरात लागली, पण त्याला उतरू दिले नाही. १८८९ साली सर्वोच्च न्यायालयानेही सरकारचीच बाजू घेतली. ही बंदी घाला म्हणून ओरड करणाऱ्यांत तिथल्या कामगार संघटना आघाडीवर होत्या! पुढे १९२४ च्या कायद्यात परतीच्या परवान्याला स्वतंत्र कलम मिळाले. आमचे विट्याकडचे गलाई कामगार पिढ्यान्‌पिढ्या देशभर पसरले. त्यांना यात्रेला गावी येऊन परत जाण्यासाठी कोणाचा दाखला लागला नाही. आपल्याच देशात फिरण्याची किंमत अशा वेळी कळते.

वर्ष उलटून गेलेल्यास एक वाट उरते. वकिलातीत परतणाऱ्या रहिवाशाचा एसबी-१ व्हिसा मागता येतो. निघताना परतण्याचा हेतू होता आणि उशीर आपल्या हाताबाहेरच्या कारणाने झाला, हे कागदोपत्री दाखवावे लागते. मार्च २०२० मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय विमाने थांबविली, तेव्हा अडकलेल्यांना हे कारण सांगता येण्यासारखे होते. शस्त्रक्रिया चिघळली, तर रुग्णालयाचे कागद उपयोगी पडतात. भावकीचा वाटा उपयोगी पडणे कठीण.

अधिकारी विमानतळावर एखादे वेळी आय-४०७ हा कागद पुढे करतो. त्यावर सही म्हणजे हक्क सोडल्याची कबुली. कारखान्याच्या कचेरीत कोऱ्या राजीनाम्यावर घेतलेल्या सह्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत, म्हणून सांगतो: ही सही सक्तीची नाही. नकार देऊन इमिग्रेशन न्यायाधीशापुढे सुनावणी मागता येते, आणि तेथे हक्क सोडल्याचे सिद्ध करणे सरकारवर असते. कार्ड काढून घेतले, तर तात्पुरता पुरावा मागून घ्यावा. रात्रभराच्या प्रवासाने थकलेल्या म्हाताऱ्या माणसाला हे आधी ठाऊक असलेले बरे.

हे सारे फिटरांना समजावून दिले. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "साहेबानं विचारलं, तुमचं घर कुठं? तर मी काय सांगू?" मी म्हटले, "खरं असेल ते सांगा." त्यावर पत्नीच आतून म्हणाली, "घर इथंच की. तिकडं लेकाचं घर हाय."

महिनाभर विचार करून त्यांनी एसबी-१ चा नाद सोडला. तोच आय-४०७ कागद मागवून घेतला. माझ्याच टेबलावर मी एकेक ओळ मराठीत सांगितली, त्यांनी दोनदा विचारून घेतली, आणि दोघांनी सह्या करून तो टपालाने पाठविला. पुढे पर्यटक व्हिसा मिळाला. गेल्या दिवाळीनंतर नातवाकडे गेले आणि पाडव्याला गुढी उभारायला घरी हजर होते.