पाय थंड ठेवणारे घर

उत्तर ध्रुवापासून सुमारे १,३०० किलोमीटर अंतरावर, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, लॉंगियरब्येन नावाचे एक छोटे शहर आहे. शहर म्हणायचे ते तिथल्या मानाने. वस्ती जेमतेम अडीच हजार. जॉन मन्रो लॉंगियर या अमेरिकन उद्योजकाच्या कंपनीने १९०६ मध्ये कोळसा काढण्यासाठी ही वसाहत सुरू केली. ‘ब्येन’ म्हणजे नॉर्वेजियन भाषेत शहर. म्हणून हे लॉंगियरचे शहर.

आम्हाला खरे तर जायचे होते त्याच्याही पुढे, न्यी-ऑलेसुंडला. भारताचे ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र १ जुलै २००८ पासून तिथे काम करते. लॉंगियरब्येनहून तिथे छोट्या विमानाने जावे लागते. काही वर्षांपूर्वीच्या एका मार्च महिन्यात आम्ही दोघे सहकारी लॉंगियरब्येनला पोहोचलो, तेव्हा हवामान बिघडले होते आणि विमान उडणार नव्हते. त्यामुळे तीन रात्री तिथल्या एका साध्या हॉटेलात काढाव्या लागल्या. हाती दुसरे काम नव्हते. मग आम्ही त्या हॉटेलाचाच अभ्यास केला! शाळेत शिकवली जाणारी उष्णतेची जवळजवळ सगळी प्रकरणे त्या एका इमारतीत भेटली. ती आपल्या वर्गात उपयोगी पडतील, म्हणून हा लेख.

हॉटेल म्हणजे पूर्वीची खाणकामगारांची बराक. लांबट, लाकडी, दुमजली. खोलीत दोन खाटा, एक टेबल, एक खिडकी. न्हाणीघर आणि स्वयंपाकघर सगळ्यांचे मिळून. दारातून आत गेल्यावर पहिली पाटी दिसली ती बूट काढण्याची. आपल्याकडे चपला बाहेर काढण्याची रीत आहे, म्हणून आम्हाला नवल वाटले नाही. पण युरोपातल्या हॉटेलात ही रीत नसते. खाणीतून आलेल्या कामगारांच्या बुटांना कोळशाची भुकटी लागलेली असे. ती घरभर होऊ नये म्हणून बूट दाराशीच काढायचे, असा तिथला जुना नियम. खाणी बंद पडत गेल्या, नियम मात्र टिकला.

पहिल्या रात्री खोली फारच उबदार वाटली. बाहेर उणे १५ अंश सेल्सिअस, आत २२. झोप येईना, म्हणून आम्ही खिडकी थोडी उघडली आणि तशीच ठेवून झोपलो. सकाळी खिडकीजवळची पाण्याची बाटली गोठून फुगली होती. हॉटेल सांभाळणाऱ्या बाईंनी ती पाहिली आणि आम्हाला चांगलेच सुनावले. त्यांना काळजी बाटलीची नव्हती, खिडकीखालून जाणाऱ्या गरम पाण्याच्या नळाची होती. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. बाटली फुगते, लोखंडी नळ फुगू शकत नाही, तो फुटतो. अशा थंडीत एक नळ फुटला तर नुकसान एका खोलीपुरते राहत नाही. आम्ही विज्ञान शिकलेले लोक, पण हा धडा आम्हाला बाटलीने शिकवला.

खिडकी नीट पाहिली तर तिला काचांचे तीन पदर होते. एक चौरस मीटरच्या एकेरी काचेतून, आतबाहेर ३७ अंशांचा फरक असताना, सुमारे २०० वॅट उष्णता बाहेर जाते. साध्या तिहेरी काचेतून ती साधारण ६० ते ७० वॅटच जाते. हा फायदा जास्तीच्या काचेचा नाही, काचांच्या मध्ये कोंडलेल्या हवेचा आहे. हलू न शकणारी हवा ही उष्णतेची फार मंद वाहक असते. आपल्या गोधडीत जुन्या लुगड्यांचे पदर एकावर एक शिवतात, तिथेही हेच घडते. ऊब कापडात नसते, पदरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे टिकते.

दुसऱ्या दिवशी आमचे ओठ फुटले, घसा कोरडा पडला आणि दाराच्या मुठीला हात लावला की बारीकसा विजेचा झटका बसू लागला. रात्री धुऊन टाकलेले मोजे सकाळी खडखडीत वाळले होते. बाहेर सगळीकडे बर्फ, म्हणजे पाणीच पाणी, मग हवा इतकी कोरडी कशी?

याचे गणित सोपे आहे. उणे १५ अंशांची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त दीड ग्रॅमच्या आसपास बाष्प सामावून घेऊ शकते. तीच हवा आत घेऊन २२ अंशांपर्यंत तापवली, तर तिची बाष्प सामावण्याची क्षमता सुमारे १९ ग्रॅम होते. पण बाष्प तेवढेच, दीड ग्रॅम. दीड भागिले एकोणीस म्हणजे सापेक्ष आर्द्रता ८ टक्क्यांच्या आत. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी आपण हवा कोरडी म्हणतो, तेव्हाही आर्द्रता सहसा यापेक्षा जास्त असते. खोलीत माणसांच्या श्वासातून थोडे बाष्प मिसळते, म्हणून प्रत्यक्षात आकडा जरा वर जातो. पण कोरडेपणाचे कारण हेच.

यातून एक कोडे तयार होते. ते आपण विद्यार्थ्यांना घालून पाहा. बाहेरून येऊन आम्ही स्वयंपाकघरात शिरलो की चष्म्यावर लगेच धुके जमायचे. बाहेरची हवा आत घेऊन नुसती तापवली असती, तर असे होणे शक्य होते का? नव्हते. चष्मा बाहेरच्या हवेइतकाच थंड. त्या तापमानाला बाहेर असताना त्यावर धुके जमले नव्हते, मग तेवढेच बाष्प असलेल्या हवेत आत आल्यावर तरी का जमावे? ज्याअर्थी धुके जमले, त्याअर्थी आत कोणीतरी हवेत जास्तीचे बाष्प घालत होते. ते बाष्प होते आमच्याच भाताच्या पातेल्यातले आणि वाळत घातलेल्या ओल्या कपड्यांमधले!

आता मुख्य गोष्टीकडे वळू. तिसऱ्या दिवशी आम्ही इमारतीला बाहेरून फेरी मारली. ती जमिनीवर टेकलेलीच नव्हती. खाली लाकडी खांबांच्या रांगा, त्यांवर तळमजल्याची जमीन आणि मधून आरपार वाहणारा वारा. गावात पाहिले तर बहुतेक घरे अशीच. पाण्याचे आणि सांडपाण्याचे नळही जाड वेष्टणात गुंडाळून जमिनीच्या वरून नेलेले. आम्हाला आधी वाटले, बर्फ साचतो म्हणून घरे उंचावर असतील. खरे कारण वेगळे होते, आणि ते पायाखालच्या जमिनीत होते.

स्वालबार्डमध्ये हिमनद्यांचा भाग सोडला तर बहुतेक सगळी जमीन खोलवर गोठलेली आहे. सलग दोन वर्षे किंवा त्याहून जास्त काळ जिचे तापमान शून्य अंश किंवा त्याखाली राहते, अशा जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. दऱ्यांमध्ये तिची जाडी शंभर मीटरच्या आसपास, तर उंच डोंगरांत चारशे-पाचशे मीटरपर्यंत जाते. उन्हाळ्यात वरचा साधारण एक मीटरचा थर तेवढा वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो. त्याला सक्रिय थर म्हणतात.

गोठलेली ओली माती जवळजवळ काँक्रीटसारखी कठीण असते. मातीचे कण बर्फाने एकमेकांना सांधलेले असतात. बर्फ हेच तिथले सिमेंट. पण ते वितळले की उरतो तो चिखल. आता विचार करा, अशा जमिनीवर आपण आपल्या पद्धतीने घर बांधले, पाया खोदला, वर फरशी घातली आणि आत शेगडी पेटवली, तर काय होईल? घराची ऊब हळूहळू खाली झिरपेल.

ती किती झिरपली तर धोका? समजा, एका चौरस मीटरमधून फक्त १० वॅट उष्णता खाली जाते. आपण रात्री लावतो त्या झीरोच्या दिव्याएवढीही नाही ही. चोवीस तासांत ती ८६४ किलोज्यूल होते. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात. जमीन शून्य अंशाला आलेली आहे आणि सगळी उष्णता वितळण्यातच खर्च होते असे धरले, तर रोज दर चौरस मीटरमागे अडीच किलोंहून अधिक बर्फ वितळेल. शिवाय घराखालची माती सगळीकडे सारखी नसते. कुठे बर्फ जास्त, कुठे कमी. त्यामुळे घर सरळ खाली बसत नाही, वाकडेतिकडे खचते. दारे अडकतात, भिंतींना भेगा पडतात. म्हणजे ते घर आपल्याच उबेने आपला पाया वितळवते.

म्हणून तिथल्या बांधकामाचे सूत्र आपल्या उलट आहे. घर गरम ठेवायचे, पण त्याचे पाय थंड ठेवायचे. खांब सक्रिय थराच्या खाली, कायम गोठलेल्या मातीत रोवतात. ते तिथे गोठून पक्के बसतात. घराच्या तळातून जी काही उष्णता निसटते, ती जमिनीपर्यंत पोहोचण्याआधी खालून वाहणारा वारा उडवून नेतो. म्हणजे घराखालची मोकळी जागा वाया गेलेली नाही, तोच घराचा खरा पाया आहे. ती जागा सामान रचून किंवा फळ्या ठोकून बंद केली, तर वारा अडेल आणि पाया मऊ होऊ लागेल.

वर्गात हे दाखवता येते. पसरट डब्यात ओली वाळू घालून ती फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात घट्ट गोठवा. सारख्या आकाराच्या दोन लहान पत्र्याच्या डब्यांत सारखेच गरम पाणी भरा. एक डबा थेट गोठलेल्या वाळूवर ठेवा. दुसरा चार पेन्सिलींच्या तुकड्यांवर, वाळूपासून दोन बोटे वर राहील असा ठेवा. दहा मिनिटांनी दोन्ही डबे उचला आणि खालची वाळू बोटाने दाबून पाहा. कोणत्या डब्याखालची वाळू मऊ झाली आणि का, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.

ही युक्ती एका गृहीतावर उभी आहे: खालची जमीन गोठलेलीच राहील. ते गृहीतच आता डळमळू लागले आहे. स्वालबार्डचे सरासरी तापमान १९७१ ते २०१७ या काळात ३ ते ५ अंशांनी वाढले. लॉंगियरब्येनपासून जवळच, यान्सनहाऊगेन येथे १९९८ मध्ये १०२ मीटर खोल विंधणविवर घेण्यात आले. त्यात वेगवेगळ्या खोलीवर तापमान मोजले जाते आणि पर्माफ्रॉस्टचे तापमान वाढत असल्याचे त्यातून दिसले आहे. सक्रिय थर जाड झाला की खांबाचा गोठून धरलेला भाग तेवढा कमी होतो. शिवाय या ओल्या थरात लाकूड कुजते. घराखालून वारा कितीही वाहिला, तरी तो वाराच कमी थंड झाला तर काय करायचे?

याचा संबंध फक्त त्या अडीच हजार लोकांशी नाही. लॉंगियरब्येनजवळच्या एका डोंगरात, शंभर मीटरहून अधिक आत, जगाचे बियाणे कोठार आहे. ते २६ फेब्रुवारी २००८ रोजी सुरू झाले. तिथे उणे १८ अंशांना जगभरच्या पिकांचे बियाणे जपून ठेवलेले असते. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने ठेवलेले ज्वारी, बाजरी, तूर आणि हरभऱ्याचे वाणही त्यात आहेत. ऑक्टोबर २०१६ मध्ये नेहमीपेक्षा उबदार हवा आणि जोरदार पाऊस यांमुळे या कोठाराच्या प्रवेशबोगद्यात पाणी शिरले आणि आत जाऊन गोठले. बियाणे सुरक्षित राहिले. ते बरेच आत होते. पण बोगद्याची पुन्हा बांधणी करावी लागली. आपल्या भाकरीच्या ज्वारीची एक ठेव त्या गोठलेल्या डोंगराच्या भरवशावर आहे, हे आपण विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.

चौथ्या दिवशी हवा निवळली. दर वर्षी ८ मार्चच्या सुमारास लॉंगियरब्येनमध्ये डोंगराआडून पहिले ऊन येते आणि गाव त्याचा सण साजरा करते. तो सण होऊन काही दिवस झाले होते. विमानतळाची गाडी यायला वेळ होता, म्हणून आम्ही पुन्हा एकदा वाकून हॉटेलाच्या खाली पाहिले. तिरपे ऊन खांबांच्या पहिल्या रांगेपर्यंत पोहोचले होते. आतली जमीन सावलीत होती, कडक गोठलेली. हॉटेलच्या बाई फावडे घेऊन आल्या आणि वाऱ्याने घराखाली ढकललेला बर्फ बाहेर ओढू लागल्या. आम्ही विचारले, इतक्या थंडीत हा खटाटोप कशाला? त्या म्हणाल्या, “हा बर्फ गोधडीसारखा असतो. तो राहिला तर जमिनीला थंडी लागणार नाही.”

आम्ही सामान खाली ठेवले आणि दुसरे फावडे मागून घेतले.