प्रवास लांबचा, पाय मात्र जागच्या जागी

परदेशात स्थायिक झालेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे पहिल्यांदाच निघालेल्या आईवडिलांची तयारी हा मराठी मध्यमवर्गीय घरातील एक सोहळाच असतो. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला यांची पाकिटे बांधली जातात. बॅगा पुन्हा पुन्हा तोलल्या जातात. मुक्कामाला पुरतील एवढ्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह पर्समध्ये ठेवल्या जातात. तिकीट काढताना मुलगा आठवणीने आईसाठी खिडकीची जागा राखून ठेवतो. विमानतळावर दमणूक नको, भाषेची अडचण नको, म्हणून व्हीलचेअरही सांगून ठेवलेली असते. हे सारे प्रेमापोटीच होते. मात्र या तयारीत पायांचा विचार बहुधा कोणीच केलेला नसतो.

मुंबईहून आखाती देशातील विमानतळापर्यंत तीन-साडेतीन तास, तेथे काही तासांचा थांबा आणि मग न्यूयॉर्कपर्यंत सुमारे चौदा तास, असा हा प्रवास. पुढची खुर्ची गुडघ्याला टेकलेली आणि शेजारी अनोळखी माणूस. एवढा वेळ माणूस एरवी कधीही एका जागी बसत नाही. या बसण्याचा शरीरावर काय परिणाम होतो, त्यातील खरा धोका कोणता आणि निव्वळ समज कोणते, हे जाणून घेणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

नाव नवे, दुखणे जुने

ऑक्टोबर २००० मध्ये सिडनीहून लंडनला परतलेली २८ वर्षांची एक ब्रिटिश युवती हीथ्रो विमानतळावर उतरल्यानंतर कोसळली आणि मरण पावली. पायाच्या खोलवरच्या नीलेत झालेली रक्ताची गुठळी फुफ्फुसात जाऊन अडकल्याचे निष्पन्न झाले. त्यानंतर ‘इकॉनॉमी क्लास सिंड्रोम’ हे शब्द जगभरच्या वृत्तपत्रांत झळकू लागले. वास्तविक वैद्यकीय लिखाणात हा शब्दप्रयोग १९७७ सालीच अवतरला होता आणि दुखणे तर त्याहूनही जुने आहे.

त्याचा एक धागा थेट दुसऱ्या महायुद्धापर्यंत जातो. १९४० मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यांच्या काळात लंडनमधील नागरिक रात्र रात्र तळघरांत आणि भुयारी निवाऱ्यांत बसून काढत. त्या दिवसांत फुफ्फुसातील गुठळीने होणारे मृत्यू वाढल्याचे न्यायवैद्यकतज्ज्ञ कीथ सिम्पसन यांच्या ध्यानात आले. यातील अनेक जण कापडी डेकचेअरवर रात्रभर बसलेले असत आणि खुर्चीची पुढची लाकडी कड त्यांच्या मांडीखाली रुतत असे. त्यांचे निरीक्षण ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे १९५४ मध्ये अमेरिकी शल्यविशारद जॉन होमन्स यांनी दीर्घकाळ बसण्याने झालेल्या गुठळ्यांची उदाहरणे नोंदवली. त्यांत विमान प्रवासी होते, तसेच मोटारीने लांबचा प्रवास करणारे आणि नाटकाला बसलेले प्रेक्षकही होते.

या इतिहासाचा मथितार्थ एवढाच, की मुख्य दोष विमानाचा नाही, तिकिटाच्या वर्गाचाही नाही. दोष आहे तो न हलता बसून राहण्याचा.

पोटरीतील पंप

हृदय रक्त पायांपर्यंत जोराने ढकलते. ते परत वर आणण्याचे काम मात्र बव्हंशी पोटरीचे स्नायू करतात. आपण चालतो तेव्हा हे स्नायू आकसतात, त्यांच्यामधील नीला दाबल्या जातात आणि रक्त वर चढते. नीलांमधील झडपा त्याला पुन्हा खाली येऊ देत नाहीत. म्हणूनच पोटरीला शरीराचे दुसरे हृदय म्हटले जाते. आपण तासन्‌तास बसतो तेव्हा हे दुसरे हृदय जवळजवळ बंद असते. गुडघा दुमडलेला असतो, आसनाची कड मांडीच्या मागे दाब देत असते आणि पायांतील रक्ताचा प्रवाह मंदावतो.

रक्ताची गुठळी का होते, याची तीन कारणे वैद्यकशास्त्र सांगते : प्रवाह मंदावणे, रक्तवाहिनीच्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. एकोणिसाव्या शतकातील जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ विर्शो यांच्या नावाने हे त्रिकूट ओळखले जाते. बसून राहण्याने यातील पहिले कारण आपोआप जमून येते. आजारपण, शस्त्रक्रिया, काही औषधे किंवा आनुवंशिकता यांमुळे दुसरे वा तिसरे कारण आधीच हजर असेल, तर धोका वाढतो. गुठळी पायातच राहिली तर सूज आणि वेदना होतात. ती सुटून फुफ्फुसात गेली तर प्राणावर बेतते.

विमानाचा वाटा किती?

उड्डाणादरम्यान केबिनमधील हवेचा दाब समुद्रसपाटीइतका ठेवलेला नसतो. तो साधारणतः सहा ते आठ हजार फूट उंचीवरील डोंगरावर असावा तितका असतो. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई सुमारे ५,४०० फुटांचे आहे, हे लक्षात घेतले म्हणजे कल्पना यावी. अशा हवेत रक्तातील प्राणवायूचे प्रमाण थोडे घटते, पोटातील वायू प्रसरण पावून पोट फुगल्यासारखे वाटते, आणि हवा अतिशय कोरडी असल्याने ओठ, डोळे व घसा सुकतो.

या विरळ हवेमुळेच गुठळ्या होतात काय, हे तपासण्यासाठी ७३ निरोगी स्वयंसेवकांना आठ तास तशाच कमी दाबाच्या कक्षात बसवून, नंतर नेहमीच्या दाबात बसवून त्यांच्या रक्ताची तुलना करण्यात आली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात निरोगी माणसांच्या रक्तात लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात, गुठळी होण्याची आनुवंशिक प्रवृत्ती असलेल्या आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या काही व्यक्तींवर प्रत्यक्ष उड्डाणाचा परिणाम अधिक दिसला.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये या विषयावरील आपल्या प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्याचे निष्कर्ष जाहीर केले. चार तास किंवा त्याहून अधिक काळ प्रवासात बसून राहिल्यास गुठळीचा धोका सुमारे दुप्पट होतो, असे त्यात आढळले. विशेष म्हणजे हे विमानाइतकेच रेल्वे, बस आणि मोटारीलाही लागू आहे. पुण्याहून नागपूरला रात्रभर बसच्या खुर्चीत बसून जाणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

‘दुप्पट’ या शब्दाने घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. निरोगी प्रवाशाच्या बाबतीत हा धोका सुमारे सहा हजारांत एक इतकाच आहे. प्रश्न आहे तो ज्यांचा मूळ धोकाच अधिक आहे त्यांचा. पूर्वी कधी गुठळी झालेली असणे, नजीकच्या काळात झालेली शस्त्रक्रिया (गुडघ्याचे किंवा खुब्याचे प्रत्यारोपण विशेषत्वाने), कर्करोग, गरोदरपण, स्थूलता, संप्रेरकांच्या किंवा गर्भनिरोधक गोळ्या ही त्याची प्रमुख कारणे होत. वयानुसारही धोका वाढतो. उंचीही येथे महत्त्वाची ठरते. सहा फूट तीन इंचांहून उंच माणसांप्रमाणेच सव्वापाच फुटांहून कमी उंचीच्या प्रवाशांनाही विमानात अधिक धोका असल्याचे अभ्यासांत दिसून आले आहे. पाय जमिनीवर नीट टेकत नसतील तर आसनाची कड गुडघ्यामागे रुतते, हे त्याचे संभाव्य कारण. आपल्याकडील कितीतरी आई, मावश्या, आत्या या उंचीच्या आहेत!

संकोचाची किंमत

आता पुन्हा त्या तयारीकडे वळू. खिडकीची जागा ही आपल्या मते मानाची जागा; परंतु खिडकीशी बसणाऱ्या प्रवाशांत गुठळीचा धोका अधिक आढळतो. तेथून उठायचे तर दोन माणसांना उठवावे लागते, हे त्याचे साधे कारण. त्यातून आपल्या ज्येष्ठांचा स्वभाव संकोची. शेजारचा झोपला आहे, त्याला कशाला त्रास, म्हणून आई चौदा तासांत एकदाच उठते. वारंवार स्वच्छतागृहात जावे लागू नये म्हणून पाणीही घोट घोटच पिते. पाणी कमी प्यायल्याने गुठळी होते, असा ठोस पुरावा उपलब्ध नाही. परंतु पाणी पिणारा माणूस निदान उठतो तरी, हा त्याचा मोठाच फायदा आहे.

व्हीलचेअरचेही तसेच. ज्यांना चालणे खरोखर अशक्य वा कष्टाचे आहे, त्यांच्यासाठी ती सोय अनमोल आहे. मात्र धडधाकट ज्येष्ठांसाठी केवळ रस्ता चुकू नये म्हणून ती घेतली जाते, तेव्हा दोन उड्डाणांच्या मधले चालणेही हातचे जाते. एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनला निघाले, तेव्हा ते कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत गेले. तो प्रवास आजच्यापेक्षा पुष्कळच लांबला; पण प्रत्येक थांबा पाय मोकळे करण्याची संधी होता. आज ती संधी आपल्यालाच काढावी लागते. केवळ सोबतीची गरज असेल, तर विमान कंपनीकडे वा विमानतळावर वाट दाखवणाऱ्या मदतनिसाची सोय आहे का, हे आधी विचारून पाहावे.

काय करावे, काय टाळावे

अमेरिकेतील छातीच्या विकारांच्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार, धोका अधिक असलेल्या प्रवाशांनी अधूनमधून चालावे, पोटऱ्यांचे व्यायाम करावेत आणि शक्य असल्यास वाटेकडेची जागा घ्यावी. केवळ इकॉनॉमी वर्गात बसल्याने गुठळी होते, असा पुरावा नसल्याचेही याच मार्गदर्शनात म्हटले आहे. महागड्या वर्गात झोपून राहिलेल्या प्रवाशानेही पाय हलवायलाच हवेत.

दर तासा-दीड तासाने उठून केबिनच्या टोकापर्यंत जाऊन यावे. बसल्या जागी टाचा टेकवून चवडे वर उचलावेत, मग चवडे टेकवून टाचा उचलाव्यात आणि घोटे गोल फिरवावेत. प्रत्येक प्रकार दहा-पंधरा वेळा केला तरी पोटरीचा पंप चालू होतो. पायांशी ठेवलेली पिशवी वरच्या कप्प्यात टाकावी. तिच्यामुळे पाय लांब करता येत नाहीत. उंची कमी असल्यास पायाखाली लहान उशी किंवा गुंडाळलेले पांघरूण घ्यावे.

घोट्याशी अधिक आणि वर कमी दाब देणारे गुडघ्यापर्यंतचे खास मोजे उपयुक्त ठरतात. या मोज्यांवरील चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात २,६३७ प्रवाशांपैकी ५० जणांच्या पायांत लक्षणे न दाखवणाऱ्या गुठळ्या आढळल्या. त्यांपैकी मोजे घातलेले फक्त तीन होते. मोजे पायाच्या मापाचे असावेत. वरच्या टोकाला घट्ट रबर असलेले साधे मोजे हा त्यांचा पर्याय नव्हे. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेल्यांनी किंवा पायांच्या रोहिण्यांचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच ते घालावेत.

गुठळी टाळण्यासाठी प्रवासापुरती अॅस्पिरिनची गोळी घेण्याची पद्धत बरीच रूढ आहे. वरील मार्गदर्शनात तिचा पुरस्कार केलेला नाही. हृदयविकारासाठी ती आधीपासून चालू असेल, तर अर्थातच बंद करू नये. ज्यांना पूर्वी गुठळी झाली आहे किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी तिकीट काढण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. झोपेच्या गोळ्या आणि मद्य टाळलेले बरे, कारण दोन्हींमुळे माणूस एकाच अवघड स्थितीत तासन्‌तास पडून राहतो.

उतरल्यानंतरचे दिवस

लांबच्या प्रवासानंतर दोन्ही घोट्यांवर सारखी सूज येणे सामान्य आहे. ती एक-दोन दिवसांत उतरते. परंतु एकाच पायाला सूज येणे, पोटरी दुखणे, ती गरम किंवा लालसर होणे ही धोक्याची खूण होय. एकाएकी धाप लागणे, श्वास घेताना छातीत कळ येणे, खोकल्यातून रक्त पडणे किंवा भोवळ येणे यांपैकी काहीही झाल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. अमेरिकेत ९११ आणि ब्रिटनमध्ये ९९९ हे आपत्कालीन क्रमांक आहेत. ही लक्षणे विमानातच दिसतील असे नाही. प्रवासानंतर सुमारे चार आठवडे सावध राहावे.

खरी अडचण येथेच आहे. मुलांच्या सुट्टीचा विरस नको, तिकडचे डॉक्टर महाग, उगाच खर्च नको, म्हणून आईवडील पाय दुखत असल्याचे सांगतच नाहीत. प्रवासी विमा घेताना जुन्या आजारांबाबतच्या अटी वाचून घेतल्या, तर हा संकोच निम्म्याने कमी होईल. विमान कंपनीकडून भरपाईची आशाही फारशी धरता येत नाही. प्रवासातील गुठळी हा आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीच्या वॉर्सा करारातील अर्थाने ‘अपघात’ ठरत नाही, असा निर्णय ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने डिसेंबर २००५ मध्ये दिला आहे.

तेव्हा पुढच्या वेळी आईचे तिकीट काढताना खिडकीऐवजी वाटेकडेची जागा निवडावी. आणि निघण्यापूर्वी तिला एवढे आवर्जून सांगावे, की शेजाऱ्याला उठवण्यात संकोच नको. ‘जरा जाऊ द्या’ म्हणणे हा विमानात उद्धटपणा नव्हे. मुक्कामी पोहोचल्यावर ‘प्रवास कसा झाला?’ या प्रश्नापाठोपाठ ‘पाय कसे आहेत?’ हेही विचारावे, आणि पुढचे काही आठवडे विचारत राहावे.