पुरुषांची स्तनवृद्धी आणि शस्त्रोपचार

काही व्याधी शरीराला फारशा छळीत नाहीत, पण मनाला स्वस्थता लाभू देत नाहीत. पुरुषाच्या छातीवर स्त्रीसारखा उभार दिसू लागणे ही त्यांपैकीच एक. पोहावयास जाण्याचे टाळणारा, भर उन्हाळ्यातही जाड सदरा घालणारा तरुण आपले दुःख घरी बोलून दाखवीत नाही. मित्रांची थट्टा मात्र रोज सोशीत असतो. शस्त्रक्रियेचे नाव ऐकताच त्याला सुटकेचा मार्ग सापडल्यासारखे वाटावे, यात नवल नाही. परंतु शस्त्र हा येथे पहिला उपाय नव्हे.

स्तनग्रंथी पुरुषालाही जन्मतः असते. ती सुप्त राहते एवढेच. इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकांचा तोल ढळला, की ती वाढू लागते. वयात येणाऱ्या सुमारे निम्म्या मुलांत अशी थोडीफार वाढ आढळते आणि बहुतेकांची एकदोन वर्षांत आपोआप ओसरते. प्रौढांत यकृताचे वा मूत्रपिंडाचे विकार, वृषणातील गाठ, स्पायरोनोलॅक्टोनसारखी औषधे किंवा शरीर कमावण्यासाठी घेतलेली स्टेरॉइडे यांचा शोध प्रथम घ्यावा लागतो. एकाच बाजूस कठीण गाठ लागली किंवा स्तनाग्रातून रक्त आले, तर कर्करोगाची तपासणी विनाविलंब झाली पाहिजे. पुरुषांत तो विरळा असला, तरी अशक्य नाही.

कारण दूर होऊनही सूज वर्षभर टिकली, तर ग्रंथीत तंतू वाढून ती घट्ट होते व औषधांनी क्वचितच विरते. शस्त्रक्रियेचा विचार येथून सुरू होतो. ही विद्या जुनी आहे. सातव्या शतकात एजिना येथील पॉल या ग्रीक वैद्याने स्तनाखाली चंद्रकोरीसारखा छेद घेऊन आतील मेद काढण्याची रीत लिहून ठेवली. स्तन लोंबत असल्यास दोन कोरींची टोके जुळवून मधली त्वचाही काढावी, असे त्याने सांगितले. 1946 साली जेरोम वेबस्टर या अमेरिकन शस्त्रवैद्याने स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळातच अर्धगोल छेद घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तेथे व्रण सहसा लपून जातो.

आज कोणती पद्धत योजावयाची, हे उभारात काय साठले आहे त्यावर ठरते. केवळ मेद असेल, तर आधी वजन उतरवून पाहावे. तरीही तो राहिला, तर बारीक पोकळ नळीने शोषून घेता येतो. यालाच लायपोसक्शन म्हणतात. घट्ट ग्रंथी सहसा नळीतून निघत नाही; ती छेद घेऊन कापावी लागते. पुष्कळांच्या बाबतीत दोन्ही रीती एकत्र योजाव्या लागतात. त्वचाच सैल होऊन लोंबत असेल, तर तीही काढावी लागते, आणि त्याचे व्रण कायम राहतात.

आत रक्त साकळणे, स्तनाग्राची संवेदना मंदावणे, दोन्ही बाजू असमान दिसणे हे यातील धोके होत. ग्रंथी पूर्णपणे खरवडून काढली, तर स्तनाग्र बशीसारखे आत बसते. म्हणून जाणता शस्त्रवैद्य त्याखाली पातळ थर राखून ठेवतो. पुढे काही आठवडे छातीला घट्ट आवरण बांधावे लागते. स्टेरॉइडांसारखे कारण चालूच राहिले, तर उभार पुन्हा येण्याचा संभव असतो. म्हणून शस्त्रक्रिया किती दिवसांत होईल, हे विचारण्यापूर्वी ही वाढ कशामुळे झाली, हे रुग्णाने आपल्या डॉक्टरांना विचारणे अधिक हिताचे. आणि तसे विचारण्यात लाज वाटण्याजोगे काही नाही, हे त्याला घरच्या माणसांनीच प्रथम सांगावयास हवे.